आधी पैदासकार बियाणं, मग पाकीट



दोन तास सत्कार चालले. शाली संपल्या, नारळ संपले. आता अध्यक्षांनी दोन शब्दांत आटोपतं घ्यावं, असं सूत्रसंचालक कानात सांगून गेलेत. चढाईला तीस सेकंद मिळतात हे मला ठाऊक आहे. मी जास्त घेणार. शिट्टी वाजवायची तर खुशाल वाजवा.

माझ्याआधी तीन वक्ते एकच मागणी करून गेले : प्रो कबड्डीत मराठवाड्याचा संघ हवा. टाळ्याही पडल्या. मी त्या मागणीच्या विरोधात उभा आहे.

समजा, मिळाला संघ. मालक मुंबईचा, चढाईपटू हरियाणाचे, सामने भलत्याच शहरात. आपलं काय, तर बनियनवरचं नाव. हे आपण एकदा पाहिलंय. २०१८ साली टीव्हीवरच्या कुस्ती दंगलीत ‘वीर मराठवाडा’ नावाचा संघ होता. कुस्त्या कुठं झाल्या? पुण्याला, बालेवाडीत. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात भरली. बाला रफिक शेखनं गदा उचलली, आपण फेटे उडवले. त्या गर्दीतून तुमच्या गावच्या तालमीला एक गादी तरी मिळाली का? हात वर करा. मी थांबतो.

प्रो कबड्डी लीगनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २०१४ ला आठ संघांनिशी ती सुरू झाली आणि कबड्डीपटू लोकांना चेहऱ्यानं ओळखू येऊ लागला. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणनं चषक जिंकला, तेव्हा कर्णधार होता नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला अस्लम इनामदार. मान्य. पण २०१७ साली आठाचे बारा संघ झाले आणि दार लागलं. शेवटचा आलेला संघ खाली जात नाही, खालून कुणी वर येत नाही. महाराष्ट्राचे संघ दोन : मुंबई आणि पुणे. २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली, पण घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता. आणि मुली? २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा त्यांच्यासाठी झाली. त्याच देशाच्या मुलींनी २०२५ ला ढाक्यात विश्वचषक जिंकला; तोवर त्यांच्यासाठी प्रो कबड्डी सुरू झाली नव्हती.

आपण बियाण्यांच्या गावात बसलोय. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथंच उभी केली. इथल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही : आधी पैदासकार बियाणं, त्याचं पायाभूत, मग प्रमाणित, आणि सगळ्यात शेवटी दुकानातलं रंगीत पाकीट. लीग हे पाकीट आहे. तुम्ही पाकिटं वाढवायला सांगताय. बीजोत्पादनाचे प्लॉट कुठायत?

खालच्या खेळाडूला कुणी जगवायचं, हा प्रश्न दुसरीकडंही पडलाय. इंग्लंडच्या उत्तरेत गिरण्या-खाणींतले कामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी पाळी चुकली की रोज बुडे. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. वरच्या साहेबांना ते बाटगेपण वाटलं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लब वेगळे झाले. आजची रग्बी लीग जन्मली ती मजुरीच्या भांडणातून. पुढं त्याच खेळाच्या सुपर लीगनं २००९ ला वर-खाली जाणं बंद केलं आणि परवाने वाटले. २०१५ ला दार पुन्हा उघडावं लागलं.

आता माझी योजना. प्रो कबड्डी आठ संघांनी सुरू झाली. मराठवाड्याचे जिल्हेही आठच. आठ जिल्ह्यांची लीग करा, मुलांची आणि मुलींची एकाच दिवशी, एकाच मॅटवर. प्रत्येक जिल्ह्यात तालुक्यांची खालची फळी. आपल्या जालना जिल्ह्यात तालुके आठ आहेत. जिल्हा संघ त्या फळीतूनच निवडायचा, शिफारशीच्या चिठ्ठीवरून नाही. हंगाम गुढीपाडव्यानंतर, संध्याकाळचा, मृग लागण्याआधी संपणारा. का? मंठा-परतूरची पोरं दिवाळीला आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि निवड चाचण्या थंडीत होतात. ज्याच्या पायात सगळ्यात जास्त ताकद, तो त्या वेळी फडात मोळ्या वाहत असतो. जे खेळतील त्यांना सरावाच्या दिवसाची मजुरी द्या. बक्षीस नको, मजुरी द्या.

पैसा कुठून? फुटबॉलमध्ये खेळाडू विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना जातात. प्रो कबड्डीच्या २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. त्यावर पाच टक्के म्हणजे १३ लाखांहून जास्त. हे खेळाडूच्या खिशातून नको. मालकानं वरून द्यावेत, गावच्या मंडळाला. लीगकडं हा हक्क मागा. संघाची भीक कशाला मागता?

उरलेलं आपलं आपल्याला करायचंय. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणतात. आता तो लोखंडाचा आहे. सळयांचे कारखानदार पुढच्या रांगेत बसलेत. साहेब, फ्लेक्सवर तुमचा फोटो नको, आठ तालुक्यांना आठ मॅट द्या.

आणि आयोजकांनो, तुम्हीही ऐका. पुढाऱ्याची गाडी यायची म्हणून सामना रात्री एकला सुरू करणारे आपणच. जन्मतारीख खोडून थोराडाला किशोर गटात घुसवणारेही आपणच. मी स्वतः पंच असताना असा दाखला पाहिला आणि गप्प बसलो. ज्या खऱ्या किशोराची जागा त्या दिवशी गेली, त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. लीगच्या मालकांना शिव्या देताना ते पोर मला आठवतं.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वर्षी मला सत्काराला बोलावू नका. पाडव्यानंतर, संध्याकाळी, घनसावंगी विरुद्ध भोकरदन असा सामना लावा आणि दहा रुपये तिकीट ठेवा. मी रांगेत उभा राहीन.