पुरुष संप्रेरके आणि अमिनो आम्लांचा डबा
(संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या वैद्यकीय व्याख्यानाचा मजकूर)



चारचौघांत ज्याविषयी सहसा बोलले जात नाही, असा विषय मी आज मुद्दाम निवडला आहे. लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही अपत्य नसलेली जोडपी आपल्याकडे येतात, तेव्हा तपासणीसाठी प्रथम पत्नीच आत जाते. पती बाहेर थांबतो आणि पुष्कळदा त्याने कोणास न सांगता ‘ताकदीचा’ डबा सुरू केलेला असतो. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारे तरुणही तसाच डबा व्यायामशाळेतून घरी आणतात. त्यावर अमिनो आम्लांची यादी असते आणि पुरुष संप्रेरक वाढण्याची ग्वाही असते.

अमिनो आम्ले हे प्रथिनांचे घटक होत. टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुष संप्रेरक मात्र प्रथिनांपासून बनत नाही. ते वृषणात कोलेस्टेरॉलपासून तयार होते आणि किती तयार करावयाचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. कच्चा माल वाढविला की उत्पादन वाढेल, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

डी-अस्पार्टिक आम्लाविषयी एकदा आशा वाटली होती, हे खरे. २००९ साली इटलीतील संशोधकांनी २३ पुरुषांना ते रोज सुमारे ३ ग्रॅम याप्रमाणे १२ दिवस दिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन सरासरी ४२ टक्के वाढल्याचे आढळले. बाजाराने हाच आकडा उचलला. पुढचे आकडे मात्र कोणी डब्यावर छापले नाहीत. २०१३ साली अमेरिकेत नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांना जवळपास तेवढीच मात्रा २८ दिवस दिली असता काहीच फरक पडला नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियात मात्रा ६ ग्रॅम केली, तेव्हा दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट घटले. २०१७ च्या तीन महिन्यांच्या चाचणीतही लाभ दिसला नाही.

पैसे वाया गेले एवढ्यावर भागले असते तर मी आपला वेळ घेतला नसता. चिंता आहे ती डब्यावर न छापलेल्या वस्तूंची. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ३६ प्रथिन भुकट्या तपासल्या गेल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, काहींत बुरशीचे विष सापडले. शरीर कमावण्याच्या काही उत्पादनांत स्टेरॉइड लपवून मिसळल्याचे जगभर उघडकीस आले आहे. असे संप्रेरक बाहेरून आले की पीयूषिका आपला हुकूम थांबवते, वृषणे मंदावतात आणि शुक्रजंतूंची संख्या घटत जाऊन कधी शून्यावर येते. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अजमावून पाहिली होती, ती याच गुणामुळे. म्हणजे अपत्यासाठी घेतलेला डबाच अपत्याची वाट अडवू शकतो. औषध थांबविल्यावर शुक्रजंतू बहुधा परत येतात, पण त्याला अनेक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो.

आपला तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो. मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेली कुटुंबे येथे थोडी नाहीत. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, त्यांच्यावर प्रथिनांच्या भुकट्यांचा अधिक भार टाकणे धोक्याचे आहे.

मग खावे काय? साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते तुरीच्या वरणातून भरून निघते. भाकरी-वरणाची ही जोड आपल्या आजी-पणजींनी प्रयोगशाळेवाचून बसविली! सोयाबीनने पुरुषत्व घटते, अशी एक समजूत शेंगा पिकविणाऱ्या आपल्याच भागात ऐकू येते. २०१० आणि २०२१ साली अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण झाले, त्यांत सोयाबीनमुळे टेस्टोस्टेरॉन घटल्याचे दिसले नाही.

झोपेचे मात्र तसे नाही. २०११ च्या एका लहान प्रयोगात आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलेल्या तरुणांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरले. रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण झोप त्याच्या हाती नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह यांनीही हे संप्रेरक घटते, आणि त्यांवर उपचार आहेत.

कुटुंबीयांना एक विनंती. अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी सोपी व अल्पखर्चाची आहे, ती पत्नीवरील शस्त्रक्रियेच्या आधी व्हावी. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळीच द्यावे आणि आकडा कमी आल्यास ते पुन्हा तपासावे. आणि येताना तो डबा, अर्धा संपलेला असला तरी, सोबत आणावा.