मिशीवाली आई

आज ज्या शिक्षकाचे स्मरण करावयाचे आहे, त्यांना गुजरातेत ‘मूछाळी मा’ म्हणजे ‘मिशीवाली आई’ या नावाने ओळखतात. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. झुबकेदार मिशांच्या या गृहस्थांजवळ मुले आईजवळ बसावीत तशी बिनधास्त बसत, म्हणून हे बिरुद. बडोद्यात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना गिजुभाई परके वाटण्याचे कारण नाही. कारण त्यांच्या कार्याचा अर्धा भार एका मराठी स्त्रीने उचलला होता. त्या ताराबाई मोडक.

गिजुभाईंचा जन्म १८८५ सालचा. पेशाने ते वकील. वढवाणास त्यांची वकिली चाले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. छडी, घोकंपट्टी आणि भीती या तिघांच्या स्वाधीन मूल करावयाचे नाही, एवढे त्यांनी ठरविले. माँटेसरीबाईंचे विचार वाचनात आले, आणि १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत शिक्षक झाले. १९२० साली तेथेच त्यांचे बालमंदिर सुरू झाले. स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधण्यास निघालेला बाप इतरांच्या मुलांचा शिक्षक होऊन बसला, असे थोडक्यात म्हणता येईल.

आता आमच्या बडोद्याकडे पाहा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत धाडले नाही तर पालकांस दंड होई. या सक्तीचे मोल मी कमी लेखीत नाही. तिच्यावाचून कित्येक घरांतील मुलींनी पाटी हातात धरली नसती. परंतु कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. दाराच्या आत त्याचे मन रमते की नाही, हे कोणत्याही फौजदाराला पाहता येत नाही. ते काम गिजुभाईंसारख्यांचे.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक आम्हां शिक्षकांपैकी पुष्कळांनी वाचलेले असते. निदान वाचल्याचे सांगितलेले तरी असते! त्यातील शिक्षक चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवू जातो आणि त्याची अगदी फजिती होते. मुले हसतात, गोंगाट करतात. शेवटी तो त्यांना घरी सोडून देतो. मला हा भाग पुस्तकातील सर्वांत खरा वाटतो. आनंददायी शिक्षण म्हणजे हसतमुखाने वर्गात शिरणे आणि मुलांनी फुलासारखे उमलणे, अशी समजूत असलेल्यांनी तो अवश्य वाचावा. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सांगतो. राजाची गोष्ट, लांबलचक, दिवसच्या दिवस चालणारी. वर्ग चिडीचूप. सुट्टीची घंटा झाली तरी मुले उठत नाहीत. गोष्टीच्या पाठोपाठ पुस्तकांचे कपाट येते, खेळ येतात, नाटक येते आणि व्याकरणही येते. येथे विषय एकही टाकलेला नाही, टाकली आहे ती भीती. जो शिक्षक केवळ गंमत करतो आणि शिकवीत नाही, त्याला गिजुभाईंचे नाव घेण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या पहिलीच्या बाईंनी गिजुभाई वाचले होते की नाही, कोण जाणे. पण त्यांच्या टेबलावर चिंचोक्यांचा एक डबा असे. बेरीज चुकली की बाई डबा पुढे सरकवीत आणि म्हणत, “यांनाच विचार.” चिंचोके मोजता मोजता चूक आपोआप सापडे, ती बाईंनी दाखविली असे कधी वाटतच नसे. आज माझा वर्ग मोठ्या मुलांचा आहे. तेथे चिंचोके चालत नाहीत, पण चूक मुलालाच सापडू द्यावी हे त्या डब्याने मला जे शिकविले, ते अध्यापनाच्या पदविकेतही मिळाले नाही.

ताराबाई भावनगरला आल्या त्या १९२३ साली. मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयात मोठ्या जागेवर असलेल्या. ती सोडून त्या लहानग्यांत येऊन बसल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. ज्यांनी त्यांचे विचार गुजरातेत रुजविले, त्यांची भेट मात्र राहून गेली.

ताराबाईंचे मोठे काम यापुढचे. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीस गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरी बालमंदिरातील परदेशी साहित्य महाग. खेड्यात ते परवडणार कसे? मग शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य झाले. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत ना. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. आधी मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावेत, मग गाणी, मग गोष्टी. पुढे १९५७ साली काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे. त्यांनी गुरे सोडावीत असा आग्रह कोणी धरला नाही. शिक्षकच कुरणात गेले आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. मूल शाळेत येत नाही याचा दोष मुलाकडे न पाहता शाळेकडे पाहण्याची ही रीत होती, आणि ती पंडितांच्या ग्रंथांत नव्हे, गुरांच्या मागे चालता चालता सापडली होती.

आमच्या निजामपुऱ्यात सकाळी छाणी रस्त्याकडे जाताना रिक्षांत दाटीने बसलेली तीन-चार वर्षांची मुले दिसतात. त्यांच्या पाठीवर दप्तर असते. पालक मला भेटले की विचारतात, “सर, बाळाला अजून शंभरपर्यंत आकडे लिहिता येत नाहीत, शिकवणी लावू का?” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयासाठी खेळातून शिक्षण सांगितले आहे, हे मी त्यांना सांगतो. ते मान डोलावतात आणि शिकवणी लावतात.

बोर्डीच्या त्या अंगणातल्या बालवाडीला ताराबाईंनी अंगणवाडी म्हटले. त्या ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिने हाच शब्द उचलला. बडोद्यातील वस्त्यांत तो आज पाट्यांवर गुजराती लिपीत लिहिलेला दिसतो: आंगणवाडी. वाचणाऱ्यांना तो गुजरातीच वाटतो.