नवजाताची खाट आणि आवर्ती खर्च

(व्याख्यानाचा सारांश)



९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बालके होती. ७ वाचविता आली, १० दगावली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. एवढ्याने प्रकरण मिटले असे ज्यांना वाटले, त्यांनी १५ नोव्हेंबर २०२४ ची रात्र आठवावी. त्या रात्री झाशीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अशाच कक्षाला आग लागून १० अर्भके मृत्युमुखी पडली. दोन राज्यांत सत्ताधारी पक्ष निरनिराळे होते. तेव्हा केवळ व्यक्ती बदलून अथवा पक्ष बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. त्याचे मूळ अंदाजपत्रकात आहे.

अपुऱ्या दिवसांचे, दीड किलो वजनाचे मूल वॉर्मरवर ठेवले म्हणजे जगते असे नाही. त्याच्या अंगाची ऊब, शिरेतून जाणाऱ्या द्रवाची गती, प्राणवायूचे प्रमाण हे सारे घटकाघटकाला पाहावे लागते. प्राणवायू कमी पडला तर जीव जातो, अधिक झाला तर दृष्टी जाऊ शकते. हे पाहणारे डोळे परिचारिकेचे असतात. आणि एका पाळीत तीन-चार बालकांमागे एक परिचारिका असावी, हा मान्य दंडक आहे.

यंत्र हा भांडवली खर्च होय. ते एकदा खरेदी होते, त्याचे उद्घाटन होते, वृत्तपत्रांत छायाचित्र छापून येते. परिचारिकेचे वेतन, वीजजोडणीची तपासणी, यंत्राची देखभाल हा आवर्ती खर्च. त्याची फीत कोणी कापीत नाही. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते, कायम पदे रिक्त राहतात आणि त्यांचा भार कंत्राटी स्त्रियांच्या खांद्यावर येतो. अनर्थ घडल्यावर शिक्षाही त्यांनाच!

गरीब देशाला हे परवडेल काय, असा प्रश्न विचारला जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याने त्याचे अर्धे उत्तर दिले आहे. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी केलेल्या शुश्रूषेने तेथील नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उरलेले अर्धे उत्तर असे की, ज्या बालकाला घरची शुश्रूषा पुरेशी नाही, त्याच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित खाट हवीच. अन्यथा खाजगी रुग्णालयाची पायरी चढण्यासाठी शेतमजुराने कर्ज काढावे, एवढाच मार्ग उरतो.

आजारी नवजाताला शासकीय रुग्णालयात विनामूल्य उपचार देण्याचे वचन शासनाने २०११ साली दिले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत : रात्रपाळीला किती परिचारिका असतात? वीजजोडणीची तपासणी शेवटची केव्हा झाली? आग लागल्यास बालकांना कोणत्या दाराने बाहेर काढणार? उत्तरे लेखी मागावीत आणि ती मिळेपर्यंत तेथून हलू नये.