जंगलखात्याची नोकरी आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



डॉक्टर, इंजिनिअर, वकील कसे व्हावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मला ज्या नोकरीविषयी सांगायचे आहे, तिचे नाव मात्र आपल्या घरांत सहसा निघत नाही. ती म्हणजे वनखात्याची नोकरी. कोणी म्हणेल, आपल्या जालना जिल्ह्यात जंगल आहेच कुठे? खरे आहे. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रापैकी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास वनाच्छादन आहे. पण थोडे आहे म्हणूनच ते राखायचे असते. शिवाय जनावर जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून शेजारच्या बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१ साली टिपेश्वरचाच दुसरा वाघ गौताळ्यात आढळला. आपल्या शेतांतले काळवीट, रोही आणि रानडुक्कर तर सर्वांच्या ओळखीचे आहेत.

प्रथम या खात्याची रचना समजून घेऊ. सर्वांत खाली नियतक्षेत्र असते, ज्याला बोलीत बीट म्हणतात. त्याचा राखणदार वनरक्षक. काही बीट मिळून परिमंडळ होते, त्यावर वनपाल. त्यावर परिक्षेत्र म्हणजे रेंज, आणि तेथे वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना लोक रेंजरसाहेब म्हणतात. पुढे सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक. लोकांची समजूत अशी की वनरक्षक म्हणजे झाडे मोजणारा आणि गुरे हाकणारा माणूस. वस्तुतः कायद्याने त्याच्या हाती मोठी जबाबदारी दिली आहे.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ५२ अन्वये वनगुन्ह्यातील लाकूड, हत्यारे आणि वाहन जप्त करता येते. कलम ६४ अन्वये, महिना किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या वनगुन्ह्याचा वाजवी संशय असल्यास वॉरंटाशिवाय अटक करता येते. अट अशी की अटक केलेल्या इसमाला विनाविलंब मॅजिस्ट्रेटपुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात हजर केले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणखी कडक आहे. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद. दंड, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये. हे पालकांनीही ध्यानात ठेवावे. चार मित्रांच्या नादाने जीपमधून रात्री शिकारीला गेलेल्या मुलाचे सारे आयुष्य त्या एका रात्रीत नासते.

अटक करणे सोपे, गुन्हा शाबीत करणे कठीण. घटनास्थळाचा पंचनामा, मुद्देमालाची मोजदाद आणि सील, साक्षीदारांचे जबाब, प्राथमिक गुन्हा अहवाल हे सारे वेळेवर आणि बिनचूक व्हावे लागते. पंचनाम्यात तारीख चुकली किंवा पंच फिरले तर आरोपी सुटतो. म्हणून या नोकरीत काठीइतकीच लेखणी लागते, आणि ती लेखणी मराठीत चालते. आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मराठी केवळ पास होण्यापुरती शिकू नका. पंचनामा लिहिता येईल इतकी शिका.

दुसरे अंग संकटकाळचे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. त्याआधी जाळरेषा घ्यायच्या, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून किंवा जाळून आगीची वाट तोडायची. आता उपग्रहावरून आगीची सूचना येते, पण आग विझवायला माणूसच जातो, आणि बहुधा हिरव्या फांद्यांनी झोडपूनच ती विझवतो. कलम ७९ अन्वये वनात हक्क असलेल्या गावकऱ्यांनीही मदत करणे बंधनकारक आहे. परंतु वर्षभर गावाशी तुसडेपणाने वागलेल्या वनरक्षकाच्या हाकेला कोण धावणार?

आपल्या भागात दुसरे संकट विहिरीचे. कठडा नसलेल्या विहिरीत रोही, कधी बिबट्या पडतो. बिबट्या पाण्यात असताना त्याला बेशुद्ध करता येत नाही, तो बुडेल. म्हणून आधी दोरांनी बाज किंवा लाकूड खाली सोडून त्याला टेकायला आधार द्यायचा, मग पिंजरा किंवा शिडी. पण खरे अवघड काम वर असते, गर्दी हटवण्याचे. लोक मोबाईल घेऊन काठावर येतात. तेव्हा पोलीस लागतात, प्रसंगी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून जमावबंदीचा आदेश घ्यावा लागतो. आपल्या गावी असे घडले तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा आणि मुलांना घरी न्या, एवढी मदत पुष्कळ आहे.

या कामात धोका आहे, हे मी लपवणार नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात शहीद झाल्या. दरवर्षी ११ सप्टेंबरला देशभर वनशहीद दिन पाळतात, तो अशांसाठीच. आईबापांची भीती म्हणून रास्त आहे.

परंतु माझ्या मते वाघापेक्षा मोठी परीक्षा वेगळी आहे. आपल्यापैकी काहींचा धंदा लाकडाचा आहे. कोणाची वखार, कोणाची आरा मशीन, कोणाचा ट्रक. उद्या आपलाच मुलगा नाक्यावर उभा असेल आणि वाहतूक पास नसलेला ट्रक मामूंचा निघाला, तर त्याने काय करावे? त्या रात्री मोहल्ल्यातून फोन येतील, वडिलांकडे सिफारस जाईल. पालकहो, उत्तर मुलाने द्यायचे आहे, पण त्याची तयारी तुम्ही करायची आहे. 'बेटा, तू ट्रक अडव, मी मामूंना समजावतो,' असे म्हणणारा बाप घरी असेल तरच मुलगा नाक्यावर ताठ उभा राहील. आणि ज्याने आपल्या माणसाचा ट्रक अडवला, त्याने दुसऱ्याचा अडवला तर कोणी त्याच्यावर पक्षपाताचे बोट ठेवू शकत नाही. आपल्या समाजाच्या मुलाला हे बोट फार लवकर दाखवले जाते, म्हणून सांगतो.

हे काम आपल्याला परके नाही. हुजूर पैगंबरांनी मदिनेच्या परिसरात झाडे तोडण्यास आणि शिकार करण्यास मनाई केली होती. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ते सदका होते, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या देशात डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जालना तेव्हा त्याच संस्थानात होता. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. वन्यजीवांचा कायदा घडवणाऱ्यांत आपले लोक होते, तर तो राखणाऱ्यांत का नसावेत?

आता वाट सांगतो. वनरक्षकासाठी बारावी उत्तीर्ण हवे, आणि विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय. २०२३ च्या भरतीत १२० गुणांची लेखी परीक्षा होती. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन हे तिचे विषय. धावण्याला ८० गुण होते. मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर. शेवटी चालण्याची चाचणी असते; ४ तासांत मुलांनी २५ आणि मुलींनी १६ किलोमीटर. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्या रिकाम्या सोडू नका. पदवीधरांनी लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा पाहावी. तिच्यातून रेंजर आणि सहायक वनसंरक्षक होतात. वनरक्षकांना प्रशिक्षण देणारी शासकीय संस्था तर आपल्या जालन्यातच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, फजरच्या नमाजनंतर रोज पाच किलोमीटर चाला आणि रोज मराठीचे एक पान लिहा. वर्षभर एवढे केलेत तर भरतीचा अर्ज भरताना हात कापणार नाही. पालकांनी एवढेच करावे की पोराने या नोकरीचे नाव काढले तर हसू नये. जमीन आणि तिच्यावरील जीव ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती राखण्याचा पगार सरकार देते, अज्र तो देतो.