घरच्या संगणकाची मंदगती : निदान व उपाय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणिसांच्या आज्ञेवरून मी आपणापुढे उभा आहे. विषय मजसारख्या शाळामास्तरास न शोभणारा वाटेल. तथापि तो आज घरोघरचा आहे.

ज्या पुण्यनगरीत सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, त्याच नगरीत माझ्या घरचा संगणक सुरू होण्यास दहा मिनिटे घेत असे. नातीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, आणि पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे! अर्ज कसाबसा गेला. ‘हे यंत्र भंगारात घाला,’ असा एका दुकानदाराने सल्ला दिला. नव्या यंत्राची किंमत माझ्या निवृत्तिवेतनास झेपणारी नव्हती.

त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवली. वर्गातील एका मुलास मी ‘मंद’ म्हणत असे. पुढे कळले की, त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते. चष्मा लागला आणि मुलगा सुधारला. ती बोच मनात होती. म्हणून निकाल देण्यापूर्वी कारण शोधावयाचे ठरविले.

शेजारच्या एका तरुणाने मार्ग दाखविला. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. कोणत्या भागावर भार पडला आहे, ते तेथे दिसते. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅमही तेथेच बंद करता येतात. रॅम म्हणजे कामाचे टेबल. ते भरले की यंत्र हार्ड डिस्करूपी कपाटाकडे खेपा घालू लागते. जुन्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटास सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. एसएसडीमध्ये फिरता भागच नसल्याने माहिती पुष्कळ लवकर हाती येते. पंख्यात धूळ साचून उष्णता वाढली, तर प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो.

माझ्या यंत्राचा दोष जुन्या डिस्कमध्ये होता. एसएसडी बसविली, आता ते मिनिटाच्या आत सुरू होते.

दोन इशारे मात्र ध्यानात ठेवावेत. कोणताही उपाय करण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे यांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. तसेच, विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा केवळ वेग वाढवून भागत नाही. यंत्रास विंडोज ११ चालत नसेल, तर विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सचा विचार करावा.

शेवटी एक विनंती. आपल्या ज्ञातीतील कित्येक होतकरू मुलांच्या घरी संगणक नाही. आपले जुने यंत्र टाकून देण्यापूर्वी तपासून घ्या, त्यातील खाजगी मजकूर पूर्णपणे पुसा आणि ते अशा एखाद्या मुलाच्या हाती द्या. यंत्र असो वा विद्यार्थी, कारण शोधल्यावाचून त्यास मंद ठरवू नये, एवढेच माझे सांगणे आहे.