इंग्रजी व्याकरणाचे भय आणि घरची भाषा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



परीक्षेचे निकाल लागले म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या अनेक घरांतून एकच उद्गार निघतो, "बाकी सर्व जमले, इंग्रजीने घात केला!" सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते, तरी हे भय गेलेले नाही. आपल्याकडील पुष्कळ मुले घरी वारली, ठाकरी किंवा कातकरी बोलतात. त्यांस शाळेतील मराठी ही पहिली पायरी आणि इंग्रजी ही दुसरी. परंतु ज्या व्याकरणास ती भितात, त्यातील पुष्कळसे त्यांच्या जिभेवर आधीच आहे, हे आम्ही दोन उदाहरणांनी दाखवू इच्छितो.

पहिले उदाहरण 'स्वतः' या शब्दाचे. "सरपंचांनी स्वतः विहीर पाहिली" आणि "त्याने स्वतःला सावरले" ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात 'स्वतः' केवळ जोर देतो. तो गाळला तरी वाक्य उभे राहते. दुसऱ्यात 'स्वतःला' गाळले की लगेच प्रश्न उठतो : कोणाला सावरले? मराठीत हा भेद प्रत्ययाने कळतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हिमसेल्फ' हाच शब्द येतो, म्हणून तेथे गाळून पाहण्याची कसोटी लावावी. वाक्य टिकले तर शब्द जोरासाठी आहे. अडले तर आत्मवाचक आहे.

मुलाखतीस गेलेला आपला तरुण "मायसेल्फ सुरेश" असे म्हणतो, त्याचे मूळही येथेच आहे. 'मायसेल्फ' हा 'आय'च्या आधाराने चालणारा शब्द होय. तो एकटा कर्ता होऊ शकत नाही. "आय अॅम सुरेश" एवढे म्हटले की पुरे. उलट काही ठिकाणी आपली भाषाच अधिक काटेकोर आहे. "गणूने आपले शेत नांगरले" आणि "गणूने त्याचे शेत नांगरले" यांत शेत कोणाचे, हे आपणांस तत्काळ उमगते. इंग्रजीचा 'हिज' दोन्हींस एकच.

दुसरे उदाहरण धातुसाधितांचे. यासाठी पाण्यासारखा दुसरा विषय नाही. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहते पाणी. येथे '-इंग' रूप विशेषणाचे काम करते. 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे मात्र पिते पाणी नव्हे, तर पिण्याचे पाणी. येथे तेच रूप नाम आहे. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळते पाणी आणि 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेले. पावसाळ्यात मुलास कोणते पाणी पाजावे, हे जाणणाऱ्या प्रत्येक मातेस हा भेद ठाऊक आहे. "ती पाणी आणायला गेली" यातील 'आणायला' म्हणजेच इंग्रजीतील 'टू ब्रिंग'.

मोखाडे तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते. "मुंबईस जाणारे पाणी" एवढेच म्हटले तर वाक्य अपुरे राहते, ऐकणारा विचारील, "त्याचे काय?" धातुसाधित कितीही क्रियापदासारखे दिसले, तरी वाक्य पुरे करण्यास खरे क्रियापद लागतेच. उत्तरपत्रिकेतील कितीतरी अर्धी वाक्ये या एका नियमाने सुधारतील.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. आपल्या भाषेस नियम आहेत, हे या विद्वानांनी ग्रंथरूपाने दाखविले. बोलींसही नियम असतात. ते लिहिले गेले नसले, तरी मूल ते रोज पाळते.

म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मुलांच्या अभ्यासापासून दूर राहू नका. रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसा, इंग्रजी वाक्याचा अर्थ त्यास घरच्या बोलीत सांगावयास लावा, आणि कोणता शब्द गाळला असता अर्थ अडतो ते विचारा. उत्तर बरोबर की चूक, हे तुमचा कान सांगेल. घरची बोली ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नसून त्या वाटेवरील पहिला साकव आहे, हे मुलांच्या मनावर ठसले तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.