दुखणं उलटलं तर माणूस सांभाळा
(विहाराच्या वर्धापनदिनी नरडाणा येथे दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. हयात सूतगिरणीत गेली. गावचे पेशंट घेऊन मुंबईला जाता-येता डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं मेंदूच्या कर्करोगाबद्दल आज बोलतो. हा रोग आटोक्यात आला असं वाटतं आणि उलटतो. मग रोग्याबरोबर घरही खचतं.

पहिली गोष्ट, तो उलटतो त्यात घरच्या कुणाची चूक नसते. ग्लायोब्लास्टोमा नावाची गाठ शेतातल्या हराळीसारखी असते. वरून रान स्वच्छ दिसतं, मुळी आत राहते. सर्जन दिसते ती गाठ काढतो, पण तिच्या पेशी चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात. तेवढा मेंदू काढला तर माणसाचं बोलणं-चालणंच जाईल. म्हणून ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे शेक आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या शेकावर दोन वर्षं जगणारे शंभरात १० होते, गोळ्या जोडल्यावर २६ झाले. फायदा खरा आहे, तरी बहुतेकांचा रोग परत येतो आणि बहुधा जुन्या जागेजवळच येतो.

आणि आपल्याकडे काय होतं? आमच्या खात्यातल्या एका कामगाराची गाठ वर्षाच्या आत परत आली. लोकांनी बोट दाखवलं बायकोकडे. पथ्य पाळलं नाही म्हणे, थंड खाऊ घातलं म्हणे. कुणी करणीही काढली. जिनं रात्री जागून काढल्या तिलाच हे ऐकावं लागलं. बंधूंनो, असं बोलणाऱ्याला तिथेच थांबवा. भगताला दिलेला पैसाही वाया आणि वेळही वाया.

दुसरी गोष्ट, घाबरून निर्णय घेऊ नका. शेक संपल्यावर पहिल्या काही महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसते, पण कधी कधी ती शेकाची सूज असते. डॉक्टरांना विचारा, रोग नक्की परतला का? पुन्हा ऑपरेशन जमेल का? पुन्हा शेक, दुसरी औषधं आहेत का? त्यानं दिवस किती वाढतील आणि ते दिवस कसे जातील? परत आलेल्या गाठीवर सर्वांना लागू पडेल असा एकच उपचार आजही नाही. म्हणून हे विचारल्याशिवाय वावर विकायला काढू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून चालू आहे. तिथं समाजसेवा विभागात जाऊन बोला, लाजू नका. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या पेशंटसाठीच आहे. उपचाराच्या प्रवासाला रेल्वेत पेशंटला आणि एका सोबत्याला सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो.

तिसरी गोष्ट घरातली. गाठ मेंदूत असल्यानं माणसाचा स्वभाव पालटतो. शांत माणूस शिव्या देतो, पोरांवर धावतो. तो रोग बोलतो, बाप बोलत नाही, हे पोरांना समजावून सांगा. सुजेवरच्या डेक्सामेथासोननं भूक वाढते, झोप उडते, साखर चढते. तरी ती गोळी मनानं एकदम बंद करू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

चौथी गोष्ट बोलायला जड आहे. उपचार चालेनासा झाला की “आता घरी न्या” म्हणतात. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नाही असं समजू नका. दुखणं, ओकारी, झटके यांवर औषधं असतात. मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर वेदना थांबते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रोग्यांची शुश्रूषा करतं. आणि रोग्यापासून लपवू नका. त्याला कळतंच. बोलता येतं तोवर त्याला विचारा, कुठं राहायचं, कुणाला भेटायचं, कागदपत्रं कुठं आहेत.

आजारी भिक्खूला कुणी पाहत नव्हतं, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला आंघोळ घातली. मग आपणही पाळ्या लावू. एकानं रात्री बसायचं, एकानं दवाखान्यात जायचं, एका घरनं पोरांचा डबा. त्या माउलीला आठवड्यातून एक रात्र पुरती झोप मिळाली, तरी विहारानं काम केलं असं आम्ही म्हणू.

एवढं बोलून आम्ही थांबतो. जयभीम.